पाळकाने रसायनशास्त्र का शिकावं? श्रीरामपूरच्या जुन्या योजनेबद्दल

माझा प्रबंध एकोणिसाव्या शतकातल्या देशी भाषांमधल्या रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांवर आहे. त्यामुळे जॉन मॅक यांचं १८३४ सालचं बंगाली ‘किमिया विद्यार सार’ टाळून पुढे जाताच येत नाही. पुस्तक श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातलं (आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीच्या काठचं). मला जास्त रस मॅक कुठे शिकवत होते यात आहे. जिथून पुढे पाळक तयार व्हायचे, त्याच कॉलेजात ते रसायन शिकवत होते.

कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी हे कॉलेज १८१८ मध्ये काढलं. कॅरी आपल्याला माहीत असतात ते १८०५ च्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१० च्या कोशामुळे. पण गडी वनस्पतींचाही वेडा होता, रॉक्सबर्ग यांची ‘फ्लोरा इंडिका’ त्यांनीच संपादित केली. अशा माणसाच्या योजनेत संस्कृत, युरोपीय विज्ञान आणि ईश्वरविज्ञान एकाच छपराखाली आलं, यात नवल नाही. सुरुवातीला ३७ विद्यार्थी होते. त्यातले १९ ख्रिस्ती, बाकीचे हिंदू.

आता ही योजना फार उदार होती असं मी म्हणणार नाही. संस्कृत शिकवायचं त्यात हिंदू शास्त्रांचं खंडन करता यावं हा हेतूही होता, आणि तो लपवलेला नव्हता. तरी एक गोष्ट पटते: धर्मोपदेशक व्हायला निघालेल्या पोराला आपल्यासारखं न मानणाऱ्यांशेजारी बसून शिकावं लागे.

१८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद दिली, पदव्या द्यायचा अधिकार मिळाला. कलकत्ता विद्यापीठ निघायला तेव्हा ३० वर्षं होती! १८४५ मध्ये डॅनिश लोकांनी गाव इंग्रजांना विकलं, तरी अधिकार टिकला. पण तो वापरून पहिली बी.डी. मिळाली ती थेट १९१५ मध्ये. मग १९१८ च्या कायद्याने वेगवेगळ्या पंथांची मिळून सिनेट झाली. एकमेकांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन न घेणारे लोक एकच अभ्यासक्रम ठरवायला बसले. हे काम लहान नाही, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

माझी तक्रार पुढची आहे. आज श्रीरामपूरला बी.एस्सी. करणाऱ्याला पदवी कलकत्ता विद्यापीठाची मिळते, बी.डी. करणाऱ्याला श्रीरामपूरची. आवार एक, पण विद्यापीठं दोन. बाकीची बी.डी. संलग्न सेमिनऱ्यांमधून होते. पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी त्यातलीच. तिथे हिब्रू असते, ग्रीक असते, पाळकीय सेवा असते, इतर धर्मांचा अभ्याससुद्धा असतो. पण इतर धर्मांचा अभ्यास करणं वेगळं आणि त्या धर्माचा मुलगा बाकावर शेजारी असणं वेगळं. अभ्यासक्रम कितीही सुधारला तरी हे त्यात बसवता येत नाही, कारण तो वसतिगृहाचा आणि प्रयोगशाळेचा प्रश्न आहे.

उद्या हाच पाळक गावातल्या मंडळीत जाईल. तिथे कोणीतरी लसीबद्दल विचारेल, कोणी मुलीच्या आंतरधर्मीय लग्नाबद्दल. दोन्ही प्रश्न त्याला पहिल्यांदाच तिथे भेटू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे. पुण्यात तर सेमिनरी आणि विज्ञान महाविद्यालयं एकाच शहरात आहेत. एखाद-दुसरा विषय एकत्र शिकवायला नवी सनद लागत नाही.