बाण कोणाच्या शब्दावर सुटतो?

वाल्मीकींच्या बालकांडात विश्वामित्र रामाला मागायला येतात, तो प्रसंग आपल्याला पाठच असतो. त्यात कोण बोलतं ते मात्र मोजून पाहावं. दशरथ म्हणतो, पोर अजून सोळाचंही नाही. त्याच्याऐवजी मीच अक्षौहिणी घेऊन येतो. रावणाचं नाव निघताच त्याचं तेही अवसान गळतं. मग वसिष्ठ समजूत काढतात. ज्याच्यासाठी ही एवढी ओढाताण चाललेली असते, तो राम या सर्गांमध्ये चकार शब्द काढत नाही.

वाटेत तो बोलतो, पण बहुतेक विचारण्यापुरतंच. शरयू-गंगेच्या संगमाजवळ: हा आश्रम कोणाचा? नाव मध्यावर येते तेव्हा: पाण्याचा हा कल्लोळ कशाचा? पैलतीरावर: हे भयाण अरण्य कोणतं? मुलगा महालात वाढलाय हे कवी कुठेच सांगत नाही. प्रश्नांवरून ते आपोआप कळतं.

त्या अरण्यात ताटका आहे, आपली त्राटिका. मूळची ती सुकेतू यक्षाची मुलगी, हजार हत्तींचं बळ असलेली. नवरा मारला गेल्यावर अगस्त्यांवर धावून गेली आणि शापाने राक्षसी झाली. मारण्याआधी वाल्मीकी तिची ही हकिगत ऐकवतात, त्यामुळे पुढचा वध सोपा राहत नाही. स्त्री म्हणून दया करू नकोस, प्रजेचं रक्षण हा राजपुत्राचा धर्म आहे, असं विश्वामित्र बजावतात. राम हात जोडून ‘हो’ म्हणतो, पण कारण देतो ते वडिलांच्या आज्ञेचं.

आणि ती समोर आली की हाच राम लक्ष्मणाला सांगतो, हिला मारायला मन धजत नाही. नुसतं बळ आणि चाल तोडू. तिचे हात तुटतात, लक्ष्मण नाक-कान कापतो, ती अदृश्य होऊन दगडांचा वर्षाव करते, तरी राम थांबलेलाच. शेवटी विश्वामित्रांनाच ओरडावं लागतं: पुरे झाली दया, सांज होतेय, सांजेला राक्षस बळावतात! तेव्हा कुठे छातीत बाण बसतो. मला या काव्यातल्या मोठमोठ्या युद्धांपेक्षा ही चालढकल अधिक मोलाची वाटते. गीतरामायणातही ही दोन्ही गाणी, रामाला मागण्याची आणि त्राटिकेला मारण्याची, विश्वामित्रांच्याच तोंडी आहेत. माडगूळकरांनी मर्म नेमकं हेरलं.

पुढे सिद्धाश्रमात सहा रात्रींचा पहारा आहे. मानवास्त्राने मारीच शंभर योजनं दूर समुद्रात जाऊन पडतो, सुबाहू आग्नेयास्त्राने मरतो. हे सगळं झरझर उरकतं. त्या रात्रींची खरी छाप उमटते ती थेट अरण्यकांडात, मारीच रावणाला जुनी आठवण सांगतो तेव्हा. मिसरूडही न फुटलेलं पोर म्हणून मी त्याला मोजलंच नाही, असं तो कबूल करतो. आता त्याला झाडाझाडात राम दिसतो. ‘र’ने सुरू होणाऱ्या रत्न, रथ अशा शब्दांनीही त्याच्या पोटात गोळा उठतो. नायकाचं मोठेपण हरलेल्याच्या तोंडून वदवणं ही कवीची अस्सल चलाखी.

पण राम वयात येतो तो त्याच कांडात जरा आधी. दंडकारण्यातले ऋषी राक्षसांनी मारलेल्या मुनींची प्रेतं त्याला दाखवून रक्षण मागतात. इथे ना वडील, ना गुरू, ना राज्य. तो स्वतः शब्द देतो. वैर नसताना शस्त्र का उचलता, हा सीतेचा सवाल खणखणीत आहे आणि माझ्या मते रामाच्या उत्तराने तो पुरता मिटत नाही. तरी राम सांगतो: प्राण सोडीन, तुला आणि लक्ष्मणालाही सोडीन, पण दिलेला शब्द नाही. ताटकेसमोर आज्ञेचा आधार शोधणारा मुलगा इथे स्वतःच्या शब्दाला बांधला गेला आहे.

बालकांडातला ताटकावध वाचून झाला की पुस्तक मिटू नका. तसेच अरण्यकांडाच्या सहाव्या, नवव्या आणि दहाव्या सर्गांवर जा.