'गारवा' आणि पेपर क्रिटिक: मत कुठे संपतं, समीक्षा कुठे सुरू होते?

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, "या पेपरबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?" बरेच जण "छान आहे, डेटा भरपूर आहे" एवढं सांगून थांबतात. हे झालं मत. क्रिटिकमध्ये तीन गोष्टी लागतात: दावा, आधार आणि मर्यादा. आज सरावाला पेपर नको, सगळ्यांच्या कानावरून गेलेला एक अल्बम घेऊ.

'गारवा', १९९८. शब्द सौमित्र यांचे, म्हणजेच अभिनेते किशोर कदम यांचे. संगीत मिलिंद इंगळे यांचं, गायलेत तेच. सौमित्र स्वतः कविता म्हणतात आणि तिच्यातून गाणं सुरू होतं, ही त्याची ओळख.

दावा आणि आधार

"हा पावसाचा अल्बम आहे" हे वर्णन आहे, त्यावर कोणी वाद घालणार नाही. दावा असा हवा की समोरचा "कशावरून?" म्हणेल. माझा दावा: 'गारवा' मनात बसतो तो उन्हामुळे.

कशावरून? शीर्षकगीताआधीची कविता नीट ऐका. तिची सुरुवात पावसाने होतच नाही. आधी ऊन आहे, घाम आहे, पाय ओढत चालणं आहे. मग कुठूनसा एक ढग सूर्याच्या आड येतो, आणि त्यानंतर गाणं. प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर आधी बेसलाइन मोजली, मग बदल दाखवला. बेसलाइन नसेल तर बदल किती झाला हे कशाच्या आधारे सांगणार?

नावही तेच सांगतं. थंडी एकटी असू शकते, गारव्याला आधीचा उकाडा लागतो. डिसेंबरच्या पहाटे आपण "काय गारवा आहे" म्हणत नाही, "काय थंडी आहे" म्हणतो. ही निवड अपघाताने झाली असेल असं मला वाटत नाही.

दुसरा आधार शब्दांचा. झाड, थेंब, दार, पाऊल असे घरातलेच शब्द. 'पाऊस दाटलेला' या गाण्यात कुणाच्या तरी येण्याची चाहूल लागते ती दाराला. "मी वाट पाहतोय" असं थेट न सांगता ती हुरहूर एका वस्तूकडे सोपवली आहे, म्हणून गाणं रडवेलं होत नाही.

तुलना

एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून शेजारी दुसरा अल्बम ठेवू. फ्लीटवुड मॅक या सॉफ्ट रॉक बँडचा 'रूमर्स', १९७७. बाज तसाच, कानाला मऊ. पण तिथे गीतकार तीन: स्टीव्ही निक्स, लिंडसे बकिंगहॅम आणि क्रिस्टीन मॅकव्ही. निक्स आणि बकिंगहॅम यांचं नातं तेव्हा तुटत होतं. 'ड्रीम्स' ही तिची बाजू, 'गो युअर ओन वे' ही त्याची. त्याच्या गाण्यातली एक ओळ आपल्याला अन्यायाची वाटली, असं निक्स यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. तरी त्याच गाण्यात मागे त्यांचाही आवाज आहे.

आता परत 'गारवा'कडे या. इथे शब्द लिहिणारा एकच. आठवण येते ती कवीला. जिची आठवण येते तिला त्या पावसात काय वाटतं, हे आपल्याला फारसं कळत नाही. 'रूमर्स'मध्ये समोरचा उलट उत्तर देतो. 'गारवा'त उत्तर पाऊस देतो. त्यामुळे तो निवांत आहे, आणि त्यामुळेच थोडा एकसुरीही. माझ्या कानाला पुढची काही गाणी सुरुवातीपासूनच भिजलेली वाटतात. पहिल्या कवितेतला उकाडा पुन्हा तितका जाणवत नाही, म्हणून सुटकाही तितकी जाणवत नाही.

मर्यादा की दोष?

मी बिबवेवाडीत राहते. इथून जवळच, अरण्येश्वर-सहकारनगर भागात, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. ज्यांनी ती रात्र काढली त्यांना ढग दाटले की सुटका वाटेलच असं नाही. मग 'गारवा' खोटा ठरतो का?

नाही. सगळा पाऊस सांगतो, असा दावा त्याने केलेलाच नाही. पेपरने जे मोजायचं ठरवलंच नव्हतं ते मोजलं नाही, तर ती मर्यादा. जे ठरवलं तेच नीट जमलं नाही, तर तो दोष. पूर नसणं ही 'गारवा'ची मर्यादा. उत्तरार्धातली एकसुरी ओल हा माझ्या मते त्याचा दोष. ही गल्लत मुलाखतीत फार होते, आणि गाईडच्या लगेच लक्षात येते.

आता तुम्ही करून बघा. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं 'आयुष्यावर बोलू काही' घ्या आणि चार वाक्यं लिहा: एक दावा, दोन आधार, एक मर्यादा. 'छान' हा शब्द न वापरता. जमलं, की मग पेपर उघडा.