आदेशाचा कर्ता कोण? : १९६२ची दोन युद्धस्मरणे

लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांचे ‘द अनटोल्ड स्टोरी’ (१९६७) आणि ब्रिगेडियर जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ (१९६९) हे ग्रंथ शेजारी ठेवून वाचले की ‘राजकारण्यांनी सैन्याचा घात केला’ हे चीन युद्धाविषयीचे रूढ समीकरण डळमळते. नामका चू नदीकाठी सैन्य उभे करणे हीच घोडचूक होती, असे दळवींचे प्रतिपादन. ब्रिगेड त्यांचीच, २२ ऑक्टोबरला ते युद्धकैदी झाले. तथापि त्यांचा रोष नेहरू-मेनन यांच्यापाशी थांबत नाही. दिल्लीला नकार देऊ न शकलेले गणवेशधारी वरिष्ठही त्यात सापडतात. नकाराची किंमत उघडच होती : लेफ्टनंट जनरल उमरावसिंग यांनी आक्षेप घेतला, आणि ती आघाडी कौल यांच्या नव्या कोअरकडे गेली.

कौल हे सत्तेच्या निकटचे सेनानी. त्यामुळे मुलकी-लष्करी संघर्षाची सीमारेषा त्यांच्या ठायीच पुसट होते, आणि त्यांचे निवेदन सतत बचावाच्या पवित्र्यात राहते.

मराठी वाचकाला येथे ‘भाऊसाहेबांची बखर’ आठवावी. गनिमी काव्याचा आग्रह धरणारे मल्हारराव आणि तोफखान्यावर भिस्त ठेवणारे भाऊ यांचा वाद बखरकार संवादातून उभा करतो. तो स्वतः त्या वादातला पक्ष नसतो. स्मरणकाराला ही मुभा नाही. १८ ऑक्टोबरला कौल आजारी पडून दिल्लीस परतले, हा एकच प्रसंग दोन्ही ग्रंथांत ताडून पाहावा.