'फँड्री': पाटी नसलेली भिंत

साहित्य किंवा सिनेमावरच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं: 'ही कलाकृती समाजाचं प्रतिबिंब आहे.' वाक्य चूक नाही, पण त्यातून पुढे तपासण्यासारखं काही हाती लागत नाही. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) घेऊन बघू.

अमेरिकेच्या दक्षिणेत वंशभेद कायद्यानेच होता, त्यामुळे तो पाट्यांवर लिहिलेला असायचा. गॉर्डन पार्क्स यांनी १९५६ साली अलाबामात काढलेल्या एका फोटोत कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या दाराची पाटी सरळ वाचता येते. पुरावा फ्रेममध्येच आहे. आपल्याकडे १९५० पासून संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली. गावात पाटी नाही. मग ही रेघ पडद्यावर दाखवायची कशी?

मंजुळे ती कामातून दाखवतात. गावाला डुकरांचा त्रास झाला की जब्याच्या कैकाडी घरालाच बोलावणं येतं. डुक्कर हाताशी येतं तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जागच्या जागी थांबतं आणि डुक्कर निसटतं. पुढे मारलेलं डुक्कर खांद्यावर टाकून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाईंची चित्रं दिसतात. एकही संवाद नाही, तरी संविधान आणि गाव यांतलं अंतर कळतं.

इथे एक गोष्ट तपासून घ्या. कैकाडी समाज विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे, आपल्या परभणीत मात्र विमुक्त जातीत. त्यामुळे सरसकट 'दलित सिनेमा' लिहिण्याआधी आपण कोणता प्रवर्ग, कोणत्या अर्थाने वापरतोय हे स्पष्ट करा.

विज्ञानात आपण विचारतो, निरीक्षक कुठे उभा आहे? डुक्कर धरताना गावकरी बसून हसतात, टिंगल करतात. आपणही खुर्चीत बसून तेच बघत असतो. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. प्रतिबिंबाची उपमा इथे तोकडी पडते, कारण आरसा बघणाऱ्याला जाब विचारत नाही.

सिनेमाची एक कच्ची बाजूही आहे. शालू आपल्याला फक्त जब्याच्या नजरेतून दिसते. तिला या रेघेबद्दल काय वाटतं, हे कळतच नाही. सवर्ण मुलीची बाजू रिकामी राहिल्याने भेदभाव घरात कसा शिकवला जातो, हा प्रश्न बाहेरच राहतो.

आणि मर्यादा लक्षात ठेवा. मराठवाड्यातल्या किती गावांत असं घडतं, हे एका सिनेमावरून सांगता येणार नाही. त्यासाठी जिंतूर, पालम, गंगाखेडकडच्या गावांत जाऊन वस्ती, पाणवठा, स्मशान यांचा नकाशा काढावा लागेल. पण त्या नकाशात काय शोधायचं, कोणतं काम कुणाच्या वाट्याला येतं आणि ते बघत कोण बसतं, हे प्रश्न 'फँड्री' देतो. सिनॉप्सिसमध्ये 'प्रतिबिंब' खोडून हे प्रश्न लिहा.