खरखरीचा अन्वय

ट्रकच्या मागच्या चाकांतून खरखर येऊ लागली की दहा जण दहा निदानं सांगतात. कोणी लायनर म्हणतं, कोणी बेअरिंग, कोणी थेट हौजिंग उतरवायला सांगतं. ऐकून सांगणारा मिस्त्री मात्र क्वचित भेटतो. तो भेटला की त्याचं काम जवळ उभं राहून बघावं. एखादं निदान किती सुबक असू शकतं हे त्याशिवाय कळत नाही. असंच एक निदान मला फार आवडलं, त्याची ही उकल.

लासलगावहून कांदा भरून वाशीला निघालेला सहाचाकी ट्रक कसारा घाट उतरून शहापूरच्या बाजूला एका गॅरेजसमोर थांबला. ड्रायव्हरनं निदान तयारच आणलं होतं. ‘‘मागचं उजवं चाक. उजव्या वळणाला जास्त ओरडतंय. लायनर गेले असतील, बघून घ्या.’’ मिस्त्रीनं चाकाकडे पाहिलंही नाही. म्हणाला, ‘‘भाऊ, आवाज कधी येतो ते तुम्ही सांगा. कुठून येतो ते मी बघतो.’’

त्यानं चारच गोष्टी विचारल्या. ब्रेक दाबल्यावर आवाज बदलतो का? नाही. लायनर झिजून रिव्हेट ड्रमला घासायला लागले असते तर ब्रेकवर पाय पडताच आवाज कर्कश झाला असता. रेस दिली, मग पाय काढला, तर फरक पडतो का? नाही. डिफरन्शिअलमधल्या क्राऊन-पिनियनचे दात ओढताना एका अंगानं भार घेतात आणि इंजिन गाडीला आवरतं तेव्हा दुसऱ्या अंगानं. दात खराब असते तर तिथं सूर बदलला असता. सपाटीला गिअर न्यूट्रल केला तर? येतोच, वेगाबरोबर कमी होत जातो. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स सुटले. वळणावर? उजवीकडे वळलं की वाढतो, डावीकडे वळलं की दबतो.

या चार प्रश्नांत एकाही सुट्या भागाचं नाव नाही, आणि तरी प्रत्येक उत्तरानं एकेक संशयित बाहेर काढला. चौथ्या उत्तरानं तर ड्रायव्हरचं म्हणणंच उलटवलं. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डावीकडे ढकलला जातो. उजव्या वळणावर ओरडणारं चाक बहुधा डावं असतं. केबिनमध्ये बसलेल्याला ते कळणं कठीण, कारण आवाज चासीमधून फिरून त्याच्यापर्यंत पोचतो.

वळण इतकं बोलकं का, याचं कारण हबच्या आत आहे. ट्रकच्या हबमध्ये निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगं समोरासमोर बसवलेली असतात. अमेरिकेतल्या हेन्री टिमकन या गाड्या बांधणाऱ्यानं 1898 साली या रचनेचं पेटंट घेतलं. वरचं वजन आणि वळणाचा आडवा रेटा, दोन्ही एकाच बेअरिंगनं झेलायचे, हा तिचा हेतू. आपल्याकडे 2018 पासून चार टायरच्या मागच्या ॲक्सलला साडेअकरा टन भार कायद्यानं चालतो. म्हणजे एकेका बाजूच्या हबवर साडेपाच टनांहून जास्त. वळणावर त्यात भर पडते, आणि दुखरं बेअरिंग तेव्हाच तोंड उघडतं.

आता लय. मिस्त्रीनं ट्रक बाजूच्या रस्त्यावर चालण्याच्या वेगानं न्यायला लावला आणि स्वतः मागच्या चाकाशेजारून कान देत चालला. या वेगाला चाकाच्या एका फेऱ्याला दोन-तीन सेकंद लागतात. फेऱ्यात एकदाच ‘टक’ झालं तर जोडटायरांत अडकलेला दगड किंवा ड्रमचा उंचवटा. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या सुमारे सहापट फिरतो, तेव्हा फेऱ्यात सहाएक ठोके पडले तर त्याचा क्रॉस नाहीतर पिनियन. इथं ठोका नव्हताच. वाळू दळल्यासारखी अखंड किरकिर होती, तीही डावीकडून.

मग हात. घाट उतरून आलेल्या गाडीचं चाक गरम असणारच, ब्रेक तापलेले असतात. कच्चा मिस्त्री इथं हमखास फसतो. यानं ड्रमला हात लावला नाही. मधल्या हबजवळ तळहाताची मागची बाजू नेली, मग पलीकडे जाऊन उजव्या हबजवळ. दोन्ही ड्रम सारखेच तापलेले असणार, पण डावा हब उजव्यापेक्षा स्पष्टच गरम. एकट्या उष्णतेला त्यानं किंमत दिली नाही, दोन बाजूंतल्या फरकाला दिली.

या निदानातली सगळ्यात देखणी जागा यानंतरची. पुढच्या चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडला, डावी बाजू जॅकवर उचलून खाली घोडी दिली आणि चाक न काढता नुसता ॲक्सल शाफ्ट बोल्ट सोडून बाहेर ओढला. जड ट्रकमध्ये वजन हौजिंग पेलतं, शाफ्ट फक्त ताकद पोचवतो. त्यामुळे शाफ्ट निघाला तरी चाक जागेवर राहतं आणि डिफरन्शिअलशी त्याचा संबंध तुटतो. आता चाक हातानं फिरवून आवाज गेला तर दोष मध्ये, राहिला तर हबमध्ये. त्यानं लोखंडी सळईचं एक टोक हौजिंगच्या टोकाला, दुसरं कानाला लावलं आणि पोऱ्याला चाक फिरवायला सांगितलं. किरकिर तशीच होती. दोन संशयितांना वेगळं करायला यापेक्षा कमी खटपट मला तरी सुचत नाही.

हब उतरल्यावर उरला तो फक्त पुरावा. सील कडक होऊन चिरलेलं होतं. हौजिंगचं तेल त्यातून हबमध्ये झिरपून ग्रीस पातळ आणि काळं झालेलं. बोटावर घेऊन उन्हात धरलं तर चंदेरी कण चमकत होते. आतल्या बेअरिंगच्या कोनवर, म्हणजे आतल्या कड्यावर, मसुराच्या दाण्याएवढा पोपडा निघालेला, तोही फक्त खालच्या अंगाला. हे तर्काला धरूनच आहे. कोन स्थिर असतो, हब फिरतो, म्हणून सगळा भार कायम कोनच्या खालच्या भागावर. एकामागून एक रोलर त्या एकाच खड्ड्यावरून जात राहतो, म्हणून ठोका ऐकू न येता अखंड किरकिर येते. मघाशी कानानं जे सांगितलं त्याचा उलगडा इथं डोळ्यांना होतो.

या कामात एक उणं आहे आणि ते सांगायला हवं. कोन, कप (बाहेरचं कडं) आणि सील तिन्ही नवे घातले ते योग्यच, जुन्या कपात नवा कोन कधी घालू नये. पण लॉकनट मात्र त्यानं हाताच्या अंदाजानं आवळला. इथं जी मोकळीक ठेवायची ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आतबाहेरची. ती डायल गेजनंच मोजावी. नट जास्त आवळला गेला तर नवं बेअरिंगही तापून लवकर जातं. ऐकण्यात अंदाज चालतो, कारण तिथं प्रत्येक अंदाज पुढची चाचणी तपासून घेते. आवळण्याचा अंदाज तपासायला पुढे फक्त रस्ता असतो.

तरीही निदान म्हणून हे काम अव्वल दर्जाचं. हौजिंग उतरवण्याचा, लायनर बदलण्याचा खर्च त्यानं चार प्रश्न आणि एक शाफ्ट ओढून वाचवला. पुढच्या वेळी गाडीतून खरखर आली तर गॅरेजमध्ये भागाचं नाव सांगू नका. ब्रेकवर काय होतं, रेसवर काय, वळणावर काय, न्यूट्रलला काय, एवढं नीट सांगा. आणि बिलात ऐकण्याची मजुरी लावलेली दिसली तर घासाघीस न करता द्या.