न भरलेली परिषद

राज्यशास्त्राच्या वर्गात अमेरिकेच्या संविधानाचे पाचवे कलम मी वर्षानुवर्षे दहा मिनिटांत उरकत आलो. दुरुस्ती सुचवायचे दोन मार्ग फळ्यावर लिहायचो. पहिला, तिथल्या काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश बहुमताने. दुसरा, दोन तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली तर त्यासाठी खास परिषद बोलावून. कोणत्याही मार्गाने आलेल्या दुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता हवीच. दुसऱ्या मार्गापुढे मी कंसात ‘कधीच वापरला नाही’ असे लिहीत असे, आणि मुले तेवढेच उतरवून घेत. निवृत्तीनंतर ते कलम सावकाश वाचले, त्यामागचा इतिहास पाहिला, तेव्हा लक्षात आले की त्या कंसाने मी मुलांची दिशाभूल केली होती. जी परिषद कधी भरली नाही, तिने अमेरिकेचे संविधान निदान दोनदा बदलले आहे.

हा दुसरा मार्ग कलमात आला तो अगदी अखेरीस. फिलाडेल्फियाची संविधान परिषद १७ सप्टेंबर १७८७ रोजी संपली. त्याच्या दोनच दिवस आधी व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला. दुरुस्तीची गरज काँग्रेसच्याच जुलमामुळे निर्माण झाली, तर ती काँग्रेस दुरुस्ती कशाला सुचवील? आरोपीलाच फिर्याद लिहायला सांगण्यासारखे ते झाले असते. मग राज्यांच्या मागणीवरून परिषद बोलावण्याची तरतूद घातली गेली. जेम्स मॅडिसन यांनी विरोध केला नाही, पण एक शंका नोंदवून ठेवली: या परिषदेचे स्वरूप काय, गणपूर्ती किती, याबाबत अडचणी येतील. सभागृह थकले होते, घरी जायची घाई होती. शंका तशीच राहिली. आज सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरही ती तशीच आहे.

आधी फायद्याची बाजू. संविधान संमत झाले तेव्हा त्यात नागरिकांच्या हक्कांची सनद नव्हती. १७८८ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाने आणि पुढच्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कने दुसऱ्या परिषदेची मागणी केली. मॅडिसन यांना या दुसऱ्या परिषदेची धास्ती होती. पहिल्या परिषदेत किती कष्टाने तडजोडी जुळल्या हे त्यांनी पाहिले होते. म्हणून ८ जून १७८९ रोजी त्यांनी स्वतःच काँग्रेसपुढे दुरुस्त्या मांडल्या. त्यातल्या दहा १७९१ मध्ये संविधानाचा भाग झाल्या. ज्या हक्कसनदेचे आपण कौतुकाने दाखले देतो, तिच्या जन्मामागे परिषदेची भीती हे एक मोठे कारण होते.

दुसरा दाखला सिनेटचा. पूर्वी सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत. लोकांनी थेट निवडावेत अशी सूचना प्रतिनिधिगृह पुन्हा पुन्हा मंजूर करी आणि सिनेट ती अडवी. आपल्याच खुर्चीखालची सतरंजी कोण ओढणार? पण परिषद मागणाऱ्या राज्यांची संख्या वाढत गेली, तशी सिनेटला जाग आली. १९१२ मध्ये काँग्रेसने दुरुस्ती सुचवली, १९१३ मध्ये ती अमलात आली. मेसन यांची अटकळ खरी ठरली होती. फक्त तलवार म्यानातून काढावी लागली नाही.

मग ती काढावीच का नाही? आज ५० पैकी ३४ राज्यांनी मागणी केली की काँग्रेसला परिषद बोलवावीच लागेल. अंदाजपत्रक समतोल ठेवण्याची सक्ती करणाऱ्या दुरुस्तीसाठी १९८३ पर्यंत ३२ राज्ये पुढे आली होती, दोनच कमी पडली. पुढे काही राज्यांनी मागणी मागेही घेतली. विरोधकांचा आक्षेप ठरलेला आहे: एका विषयासाठी बोलावलेली परिषद सगळेच संविधान उलथून टाकील. समर्थकांचे उत्तरही ठरलेले आहे: परिषद फक्त सुचवते. ३८ राज्यांची मान्यता नसेल तर तो कागदच राहील. १३ राज्ये अडून बसली की खेळ संपला.

मला हे उत्तर बऱ्याच अंशी पटते, पुरते पटत नाही. फिलाडेल्फियाची परिषदही जुन्या करारात सुधारणा सुचवण्यासाठीच बोलावली होती. जुन्या करारात बदल करायला तेराही राज्यांची संमती लागत असे. परिषदेने करार बाजूला ठेवला, नवे संविधान लिहिले, आणि नऊ राज्यांची मान्यता पुरे, असा नियमही स्वतःच घातला. म्हणजे ज्या लगामाचा आज भरवसा दिला जातो, तसाच लगाम पहिल्याच परिषदेने सोडवून घेतला होता. निकाल चांगला लागला म्हणून आपण ते विसरतो.

तरीही माझ्या मते परिषद भरकटण्याची भीती ही खरी अडचण नव्हे. खरी अडचण कलमाच्या मौनात आहे. प्रतिनिधी कोण निवडणार, मतदार की विधिमंडळे? प्रत्येक राज्याला एक मत, की लोकसंख्येप्रमाणे? फिलाडेल्फियात प्रत्येक राज्याला एकच मत होते. आज तोच नियम लावला तर सहा लाखांहून कमी वस्तीचे वायोमिंग आणि चार कोटींच्या घरातले कॅलिफोर्निया एका पंगतीत बसतील. सर्वांत लहान २६ राज्ये मिळून बहुमत होईल, आणि त्यांत देशाच्या लोकसंख्येचा पाचवा हिस्साही नसेल. कलम यावर एक शब्द बोलत नाही. आणि सभागृहात कोण बसले आहे, यावर त्यातून काय बाहेर पडेल हे ठरते.

हे नुसते अनुमान नाही. अमेरिकेच्या राज्यांनी आपापल्या संविधानांसाठी कितीतरी परिषदा भरवल्या आहेत. त्यांतल्या दोन शेजारी ठेवून पाहा.

मिसिसिपीत १८९० मध्ये परिषद भरली. राज्यात कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती आणि १३४ प्रतिनिधींत कृष्णवर्णीय एकच होता. तिने मतदानासाठी कर लावला, संविधानाचा उतारा वाचून किंवा ऐकून समजावून सांगण्याची अट घातली, आणि कुणाला समजले हे ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याच्या हाती दिला. कृष्णवर्णीयांचे मत कायद्याने काढून घेतले गेले. हे संविधान लोकांच्या मताला टाकलेसुद्धा नाही, परिषदेनेच ते लागू केले. दक्षिणेतल्या इतर राज्यांनी पुढे तोच कित्ता गिरवला.

मोंटानात १९७२ मध्ये परिषद भरली. १०० प्रतिनिधी लोकांनी निवडले होते. पदावर असलेल्या आमदारांना त्यात बसता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते. प्रतिनिधी पक्षवार बसले नाहीत, आडनावांच्या अक्षरक्रमाने बसले. तांब्याच्या खाणींच्या त्या राज्यात त्यांनी स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क लिहून ठेवला. लोकांनी ते संविधान जेमतेम अडीच हजारांच्या फरकाने स्वीकारले. त्याच हक्काच्या आधारे तिथल्या तरुणांनी सरकारला न्यायालयात खेचले, आणि २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

साधन एकच, फळे दोन. फरक पडला तो निवडीच्या आणि मान्यतेच्या नियमांनी.

इथे मला डॉ. आंबेडकरांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे भाषण आठवते. आपली संविधान सभा प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती, पुढची संसद तशी असणार होती. मग संसदेला दुरुस्ती सोपी का नको, असा आक्षेप होता. त्यांचे उत्तर असे होते की संविधान सभेला पक्षीय हेतू नाही. उद्याच्या संसदेतले सदस्य मात्र, संविधानाच्या ज्या कलमाने आपले विधेयक अडवले, ते कलमच हटवायला बसतील. वर्गात मी हे उत्तर निर्विवाद म्हणून सांगत असे. मिसिसिपी वाचल्यावर त्याला एक जोड द्यावीशी वाटते: निःस्पृहता परिषदेच्या नावात नसते, ती तिच्या रचनेतून यावी लागते. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी, प्रत्येक पिढी हे जणू वेगळे राष्ट्रच, हा जेफर्सन यांचा विचार मांडला आणि आपली दुरुस्तीची रीत अमेरिकेहून सोपी ठेवली आहे, हेही सांगितले. अमेरिकेत पाच टक्क्यांहून कमी लोकसंख्येची १३ राज्ये कोणतीही दुरुस्ती रोखू शकतात. इतके घट्ट बसवलेले दार असले की लोक खिडकी शोधणारच, आणि परिषद ही ती खिडकी आहे.

म्हणून ती बुजवून टाका असे मी म्हणणार नाही. मेसन यांचा प्रश्न आजही जिवंत आहे: सत्तेला स्वतःचे पंख कापायला कोण लावणार? सदस्यांच्या मुदतीवर मर्यादा घालायची असेल, तर काँग्रेस ती आपणहून सुचवील अशी आशा मला नाही. पण आहे त्या मौनात परिषद बोलावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेणे. सिनेटर सॅम अर्विन यांनी या परिषदेची कार्यपद्धती ठरवणारे विधेयक आणले होते. १९७१ मध्ये सिनेटने ते एकमताने मंजूर केले, प्रतिनिधिगृहात ते अडले. कारण उघड आहे. नियम ठरले की भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की परिषद जवळ येते. काँग्रेसला ती जवळ नको आहे.

आज वर्ग घ्यायचा असता तर फळ्यावरचा तो कंस मी पुसला असता. त्या जागी तीन प्रश्न लिहिले असते: प्रतिनिधी कोण निवडतो, मते कशी मोजतात, आणि शेवटचा शब्द कुणाचा? या तिन्हींची उत्तरे आधी मिळाली तर परिषद बोलवावी. न मिळाली तर ती न भरताच जे काम करते आहे, ते तिला करू द्यावे.