दूरचित्रवाणीवरील मराठी प्रहसन आणि वऱ्हाडी बोली

मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदाचा गेल्या दीड दशकातील इतिहास हा मुख्यतः प्रहसनाचा इतिहास आहे. प्रहसन, म्हणजे ज्याला आता सर्रास ‘स्किट’ म्हटले जाते ती थोड्या पात्रांची, थोड्या वेळाची आणि एखाद्याच विसंगतीभोवती रचलेली विनोदी नाटिका, मराठीला नवी नाही. तमाशातील गण-गवळणीनंतर आणि वगाच्या आधी येणारी बतावणी, म्हणजे सोंगाड्या आणि त्याच्या जोडीदारातली हजरजबाबी सवाल-जवाबाची चकमक, हे तिचेच जुने रूप होय. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’ने ही रचना शहरी रंगमंचावर आणली आणि मुंबई दूरदर्शनच्या ‘गजरा’ने ती घराघरांत नेली. खासगी वाहिन्यांच्या काळात झी मराठीवर 2010 मध्ये ‘फू बाई फू’ आणि 2014 च्या ऑगस्टमध्ये डॉ. निलेश साबळे यांचा ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाला, तर सोनी मराठीवर 2018 पासून सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ चालू आहे. हे कार्यक्रम विनोदी म्हणून किती सरस आहेत याची चर्चा पुष्कळ झाली; त्यांनी मराठीच्या बोलींचे काय केले हा प्रश्न मात्र त्याहून महत्त्वाचा असून बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातून पाहिले असता तो अधिक स्पष्ट दिसतो.

या कार्यक्रमांआधी पडद्यावरची ग्रामीण मराठी बहुतेक वेळा एकाच साच्याची, पश्चिम महाराष्ट्राच्या वळणाची असे, आणि ती बोलणारे पात्र गडी, मोलकरीण किंवा इरसाल पाटील यापलीकडे क्वचितच जाई. ‘चला हवा येऊ द्या’मधील थुकरटवाडी या काल्पनिक गावात अमरावतीकडचे भारत गणेशपुरे वऱ्हाडी हेल घेऊन उभे राहिले, तेव्हा ती भाषा कोणाची नक्कल म्हणून आली नाही, तर नटाच्या स्वतःच्या जिभेवरची म्हणून आली, आणि प्रेक्षकाला हा फरक लगेच कळला. ‘हास्यजत्रे’त अरुण कदम यांनी आगरीला आणि ओंकार भोजने यांनी कोकणी वळणाला असेच स्थान मिळवून दिले. वऱ्हाडीला मिळालेल्या या प्रतिष्ठेचा परिणाम केवळ करमणुकीपुरता राहिला नाही; वर्ध्याचे शिक्षक नितेश कराळे वऱ्हाडीतून स्पर्धा परीक्षेचे धडे देऊ लागले तेव्हा राज्यभरातील विद्यार्थ्यांनी ते आवडीने ऐकले, आणि त्यासाठी लागणारी कानाची तयारी काही अंशी या प्रहसनांनी करून ठेवली होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. ज्या बोलीमुळे नोकरीच्या मुलाखतीत तोंड उघडायला मुले संकोचत, ती बोली उघडपणे ऐकू येणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय या कलावंतांना निःसंकोच दिले पाहिजे.

तथापि पडद्यावरची वऱ्हाडी आणि बुलढाणा जिल्ह्यातली वऱ्हाडी यांत अंतर आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग पडतात, आणि ही विभागणी लोकांच्या रोजच्या बोलण्यात इतकी रुळलेली आहे की पीकपाण्यापासून निवडणुकीपर्यंत सगळे तिच्याच आधाराने सांगितले जाते. घाटाखाली खामगाव, शेगाव, जळगाव जामोद या बाजूला ‘मले-तुले’, ‘करून राह्यला’, ‘डोळा’चा ‘डोया’ अशी ठसठशीत वऱ्हाडी आढळते. मलकापूरकडे सरकताना तीत खानदेशाचा आणि लेवा बोलीचा वास येऊ लागतो. तर घाटावर सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, लोणार या भागांत जालन्याकडच्या मराठवाडी बोलीची छटा जाणवते. दूरचित्रवाणीने यातले काहीच घेतले नाही. तिने अमरावती-नागपूरकडचा एक सरासरी हेल आणि पाच-दहा हमखास हशा मिळवणारे शब्द निवडले, आणि तीच ‘विदर्भाची भाषा’ म्हणून रूढ झाली. परिणामी शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत घाटावरची मुलेसुद्धा प्रहसन करताना घरची बोली बाजूला ठेवून पडद्यावरची वऱ्हाडी बोलू लागतात, ही गोष्ट चिंतेची आहे.

याहून गंभीर उणीव आशयाची आहे. बोलीतला विनोद हेलामुळे फुलतो खरा, परंतु त्याचे सत्त्व ती बोली बोलणाऱ्यांच्या व्यवहारात असते. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकर यांची ‘मेड इन इंडिया’ ही 1987 मधील कादंबरी या दृष्टीने आजही कसोटीचा दगड आहे. वऱ्हाडी तोंडवळ्याच्या अखंड निवेदनातून तीत गावाचे राजकारण, शिकलेल्या तरुणाची कुचंबणा आणि योजनांचा फोलपणा असा काही उलगडतो की हसणारा वाचक त्याच वाक्यात अस्वस्थही होतो. चिखली तालुक्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती कादंबरी विनोदी नाही, पण तिच्यातील शेतकरी कुटुंबाची बोलीतली वादावादी दाखवून देते की या भाषेत दुःख आणि उपरोध यांची सांगड किती सहज बसते. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने 2009 मध्ये हीच सांगड पडद्यावर घालून दाखवली होती, म्हणजे माध्यमाची अडचणही पुढे करता येत नाही. दूरचित्रवाणीच्या प्रहसनात मात्र सरपंच, ग्रामसभा, चावडी ही केवळ सजावट उरते आणि त्या चौकटीत खेळ चालतो तो नवा चित्रपट घेऊन आलेल्या पाहुण्यांचा. ‘चला हवा येऊ द्या’ची रचनाच अशा पाहुण्यांभोवती झाली, शाहरुख खानसारखे हिंदी नटही त्या गावात येऊन गेले, आणि पाहुण्याला न दुखावता हसवायचे असल्याने विडंबन हळूहळू स्तुतीच्या अंगाने जाऊ लागले.

या चौकटीला एक ठळक अपवाद आहे आणि तो विसरता कामा नये. बीडचे अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे यांनी पोस्टमनच्या वेषात वाचलेली पत्रे हा त्या कार्यक्रमाचा सर्वांत टिकाऊ भाग होय; शेतकऱ्याचे, सैनिकाचे, दुर्लक्षित आईबापांचे म्हणणे त्या पत्रांतून येई आणि हसायला बसलेले सभागृह गप्प होऊन ऐके. मराठी प्रेक्षक हसणे आणि गंभीर होणे या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत करू शकतो, याचा तो पुरावा होता. त्याचा उपयोग करून प्रहसनच अधिक धारदार करण्याऐवजी गांभीर्य पत्रापुरते आणि विनोद प्रहसनापुरता अशी वाटणी झाली, हे त्या प्रयोगाचे अपुरेपण आहे. उरलेल्या वेळात पुरुषाने साडी नेसणे, कोणाचे वजन, कोणाचा रंग, कोणाची उंची यांवर हशा मिळवण्याची सोपी वाट वारंवार चोखाळली गेली. ‘हास्यजत्रे’ने समीर चौघुले, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांच्या कसदार अभिनयामुळे व्यक्तिरेखेला प्रसंगाइतकेच महत्त्व दिले, तरी शरीरावरच्या विनोदापासून तीही पूर्णपणे सुटलेली नाही.

हसायचे कोणाला, हा प्रश्न बुलढाण्याने अलीकडेच प्रत्यक्ष अनुभवला. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तपासणीसाठी वैद्यकीय पथके आली आणि ‘टक्कल’ हा शब्द देशभर बातम्यांत फिरला. अशा वेळी पीडितांच्या डोक्याकडे पाहून हसणारा विनोद आणि त्यांना शुद्ध पाणी, चांगले रेशन, वेळेवर उपचार का मिळत नाहीत असे विचारणारा विनोद या दोहोंपैकी कोणता पत्करायचा, यावर प्रहसनकाराची योग्यता ठरते. अक्षय्य तृतीयेला होणारी भेंडवळची घटमांडणी आणि तिच्यातून पाऊस, पिके व राज्यकारभार यांचे भाकीत ऐकायला जमणारे शेतकरी व कॅमेरे; उल्केच्या आघाताने झालेल्या लोणारच्या सरोवराचे पाणी 2020 मध्ये गुलाबी झाल्यावर तिकडे लागलेली रीघ; सोयाबीन आणि कापसाच्या भावाची दरवर्षीची अनिश्चितता: यांत उत्तम प्रहसनाचे बी आहे, आणि ते ओळखायला या मातीत वाढलेला लेखक लागतो. विदर्भातून दूरचित्रवाणीकडे नट गेले, लेखक फारसे गेले नाहीत. ‘चला हवा येऊ द्या’चे पहिले पर्व 2024 मध्ये संपले आणि पुढच्या वर्षी तो कार्यक्रम नव्या रूपात परतला; नव्या हास्यकलावंतांचा शोध घेणाऱ्या वाहिन्यांनी तितक्याच आस्थेने खामगाव, मेहकर, चिखली येथील लिहित्या तरुणांचा शोध घ्यावा आणि त्यांना त्यांच्या घाटाच्या बोलीत, त्यांच्या गावच्या प्रश्नांवर लिहू द्यावे.